निंदणी : रजिस्ट्रीतले तण आणि पीक

परभणी जिल्ह्यात 'रजिस्ट्री' हा शब्द संगणकाच्या फार आधी येऊन पोहोचलेला आहे. जमिनीचा सौदा ठरला, इसार दिला-घेतला, की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन 'रजिस्ट्री करून घ्यायची', असे इथला शेतकरी म्हणतो. त्याच्या लेखी रजिस्ट्री म्हणजे मालकीचा पुरावा. जमीन पायाखाली आहे, पीक डोळ्यांसमोर उभे आहे. पण नोंद नसेल तर ते सारे असून नसल्यासारखे. पुढे अक्षरजुळणीच्या दुकानांतून संगणक आले आणि 'रजिस्ट्री उडाली', 'रजिस्ट्री साफ केली' असे प्रयोग कानांवर पडू लागले, तेव्हा आम्हांला आधी सातबाराच आठवला. हा केवळ शब्दसाम्याचा खेळ आहे असे तेव्हा वाटले होते. आता तसे वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वाङ्मयीन नियतकालिकाच्या वाचकांना चमत्कारिक वाटेल, याची आम्हांला जाणीव आहे. संगणकाची रजिस्ट्री 'स्वच्छ' करणारी सॉफ्टवेअरे, त्यांचे फायदे आणि त्यांचे धोके हा तंत्रज्ञांनी हाताळायचा प्रश्न; त्यात साहित्याच्या विद्यार्थ्याने का पडावे? परंतु आपल्याकडची गेल्या तीन दशकांतली पुस्तके, दिवाळी अंक, शोधनिबंध आणि प्रबंध ज्या यंत्रांवर जुळवले गेले, त्या यंत्रांतली ही एक घडामोड आहे. आणि निरुपयोगी काय, काढून काय टाकावे, ते कोणी आणि कशावरून ठरवावे, हा तर पाठचिकित्सेचा जुनाच प्रश्न आहे.

१९९५ हे वर्ष परभणीकरांच्या स्मरणात आहे ते अडुसष्टाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज ९५' ही प्रणाली बाजारात आणली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. तरीही त्या संमेलनाला आलेल्या लेखकांपैकी अनेकांची पुढची पुस्तके त्या प्रणालीवर किंवा तिच्या वंशजांवर जुळवली गेली असणार, एवढे निश्चित.

रजिस्ट्री म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. विंडोजच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक कार्यक्रम आपापली टिपणे 'आयएनआय' या छोट्या मजकुरी फायलींत ठेवत असे. अक्षरे कुठली वापरायची, छापयंत्र कुठले जोडले आहे, मागच्या खेपेस खिडकी केवढी उघडली होती, असली ती टिपणे. साध्या संपादकात उघडून ती कोणालाही वाचता येत. पण फायली वाढत गेल्या, कोणाची कुठे याचा मेळ राहीना, शिवाय एका फायलीला ६४ किलोबाइटची मर्यादा. १९९२ च्या 'विंडोज ३.१' मध्ये एक लहानशी नोंदवही आली. तिचे काम कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या कार्यक्रमात उघडावी एवढ्यापुरतेच होते. १९९३ च्या 'विंडोज एनटी'ने तिचा विस्तार केला आणि 'विंडोज ९५' ने ती घराघरांत नेली. आता सगळी टिपणे एकाच झाडाच्या फांद्यांवर टांगली गेली. यंत्रातले भाग, टंक, परवाने, कळफलक, वापरणाऱ्याच्या सवयी, सारे एका ठिकाणी. गावातल्या प्रत्येक घरातली वही काढून घेऊन चावडीवर एकच दफ्तर बांधावे, तसा हा प्रकार. शोधायला सोपे, आणि दफ्तर जळाले तर गावच नकाशावरून पुसले जाणार.

ते जळू नये अशी तजवीज निर्मात्यांनी केली होती. 'विंडोज ९५' आपल्या नोंदवहीच्या दोन फायलींची जुनी प्रत बाजूला ठेवत असे. 'विंडोज ९८' पाच प्रती ठेवी. पुढे 'सिस्टिम रिस्टोअर' आले. तरीही हे यंत्र ज्या परिस्थितीत बांधले गेले आणि ज्या परिस्थितीत आपल्याकडे वापरले गेले, त्यांत महदंतर होते. २००५ च्या आसपास मराठवाड्यात दिवसातले कित्येक तास वीज नसे. ती जाण्याचे वेळापत्रक छापून येई, पण येण्याचा भरवसा नसे. नोंदवही लिहिली जात असतानाच वीज गेली, तर पान अर्धवट राहणे स्वाभाविक. इन्व्हर्टर असलाच तर दुकानातल्या एका यंत्रापुरता. शिवाय परवान्याची प्रणाली घेणारे थोडे. बाकीच्यांची यंत्रे कुणीतरी आणलेल्या सीडीवरून उभी राहिलेली. एकाच यंत्रावर दिवसभर लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, सभासदांच्या याद्या, प्रबंध आणि रात्री पोरांचे खेळ. दर आठवड्याला नवे काही बसवले जाई, जुने काढले जाई, आणि काढलेल्याची मुळे जमिनीत राहून जात.

२००१ मध्ये एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावीही संगणकवर्ग उघडले. संगणक चालवता येणारी एक पिढी त्यातून तयार झाली, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. यंत्र कसे चालवायचे हे तिला कळले; यंत्र मंदावले तर काय करायचे, हे मात्र परीक्षेत नव्हते. ती पोकळी भरून काढली संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींनी आणि दुरुस्तीला येणाऱ्या पोरांनी. आणि त्या सीडींत, त्या पोरांच्या पेन ड्राइव्हमध्ये हमखास असे 'रजिस्ट्री क्लीनर'. ते चालवले, की पडद्यावर आकडे सरसर वाढत: ३४०, ७१२, १,१०८ 'दोष' सापडले. मग एकच बटण. हिरवी खूण. मालकाला वाटे, घर शेणाने सारवून काढले.

हे आकडे येत कुठून? सफाई करणारे सॉफ्टवेअर नोंदवहीतली एकेक नोंद वाचते. बहुतेक नोंदी निर्देश करणाऱ्या असतात: अमुक वस्तू तमुक जागी आहे. सॉफ्टवेअर त्या जागी जाऊन पाहते. वस्तू सापडली तर नोंद खरी. सापडली नाही तर नोंद 'अनाथ', 'अवैध', म्हणून काढून टाकण्यास पात्र. आजमितीस सापडत नाही म्हणजे नाहीच, असा तो न्याय आहे. आता ती वस्तू सीडीवर असेल आणि सीडी कपाटात असेल, पेन ड्राइव्हवर असेल, जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर असेल आणि तो संगणक त्या क्षणी बंद असेल, तर? काही कार्यक्रम एखादी नोंद मुद्दाम रिकामी ठेवतात. ती आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती रिकामी चौकट कचराच वाटणार.

येथे आमच्या मुलखातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. नामदेवांशी जोडले गेलेले नरसी हे गाव १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नरसी तिकडे गेले. त्यापूर्वीच्या साऱ्या ग्रंथांत, सूच्यांत, शिलालेखांच्या याद्यांत 'नरसी, जिल्हा परभणी' असेच आहे. एखादे सफाईयंत्र त्या ग्रंथांवरून फिरवले, तर ते परभणी जिल्ह्यात जाऊन नरसी शोधील, न सापडल्याने नोंद अवैध ठरवील, आणि आपल्या हिशेबाने चूक करणार नाही. गाव मात्र जिथल्या तिथे आहे.

या सफाईला मराठीत चांगला शब्द कुठला, याचा विचार करताना आम्हांला सरकारी दफ्तरातला एक शब्द सापडला आणि त्याने आम्ही हरखून गेलो. मुदत संपलेले कागद निवडून नष्ट करण्याला आपल्या शासनव्यवहारात 'अभिलेखांचे निंदणीकरण' म्हणतात. शब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी शब्दातले तण असेलच; पण 'निंदणी' म्हटल्याबरोबर आपल्यासमोर ज्वारीच्या तासात उकिडव्या बसून खुरपे चालवणाऱ्या बायांची रांग उभी राहते. निंदणी हे अडाणी काम नव्हे. कोवळ्या अवस्थेत पिकाचा मोड आणि तणाचा मोड यांत फरक करायला नजर लागते, आणि ती नजर त्या शेतात, त्या पिकात अनेक पावसाळे काढल्याविना येत नाही. नवख्या पोरीला पहिल्या दिवशी तासात एकटे सोडत नाहीत. तण माजू द्यावे असे कोणी म्हणत नाही. प्रश्न खुरपे कोणाच्या हाती, एवढाच असतो.

म्हणूनच सफाईच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे, ते प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. 'विंडोज ९५' आणि '९८' च्या काळात यंत्राची स्मृती तोकडी असे आणि फुगलेल्या नोंदवहीचा भार खरोखर जाणवे. 'एनटी' आणि 'विंडोज २०००' मध्ये नोंदवहीच्या आकाराला कमाल मर्यादा होती. ती गाठली की नवे काही बसत नसे. खुद्द मायक्रोसॉफ्टने त्या काळी 'रेगक्लीन' नावाचे उपकरण उपलब्ध करून दिले होते. ते काढलेल्या नोंदी परत घालता याव्यात म्हणून एक फाइल राखून ठेवत असे, हे विशेष. विषाणू काढल्यानंतर मागे राहिलेली, यंत्र सुरू होताना दरवेळी 'अमुक फाइल सापडत नाही' असा टाहो फोडणारी नोंद उपटून टाकणे, हेही रास्तच. एखादे सॉफ्टवेअर अर्धवट निघाले आणि त्याच्या उरलेल्या खुंटांमुळे नवी आवृत्ती बसेना, तर जाणत्याने तेवढ्या फांद्या छाटाव्यात. आम्ही स्वतः हे होताना पाहिले आहे आणि त्याने अडलेले काम मार्गी लागलेलेही पाहिले आहे.

पण २००१ च्या 'विंडोज एक्सपी'ने ती आकाराची मर्यादा काढून टाकली. यंत्रांची स्मृती वाढली. नोंदवही ही झाडासारखी रचलेली असते. हवी ती नोंद फांदीफांदीने गाठली जाते, सारी वही पहिल्या पानापासून वाचावी लागत नाही. कित्येक लाख नोंदींतून हजारभर मेलेल्या नोंदी काढल्या म्हणून वेगात जाणवण्यासारखा फरक पडण्याचे कारण उरले नाही. म्हणजे औषधाची गरज संपत आली आणि नेमका त्याच सुमारास औषधाचा बाजार तेजीत आला. मायक्रोसॉफ्टने 'रेगक्लीन' मागे घेतले. मध्यंतरी आपल्या एका ऑनलाइन तपासणी सेवेत तिने अशी सफाई पुन्हा आणली होती, तीही बंद झाली. आणि पुढे, असल्या उपकरणांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, त्यांतून उद्भवणाऱ्या बिघाडाची हमी घेता येणार नाही, अशी भूमिका कंपनीने लेखी घेतली.

बाजार कशावर चालला? भीतीवर. आकडा मोठा, रंग लाल. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्त्यांनी 'रजिस्ट्री क्लीनर एक्सपी' विकणाऱ्या टेक्सासमधल्या एका कंपनीवर दावा लावला. लोकांच्या पडद्यावर आपोआप संदेश झळकत, तुमची रजिस्ट्री बिघडली आहे, आणि उपाय म्हणून ३९ डॉलर ९५ सेंटांचे सॉफ्टवेअर पुढे केले जाई, असा तो आरोप होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एररसेफ' अशा नावांनी खोट्या तपासण्या करून माल विकणाऱ्यांविरुद्ध न्यायालयाकडून मनाई मिळवली. फसलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचे आयोगाने म्हटले होते. २०१९ मध्ये 'ऑफिस डेपो' ही दुकानांची मोठी साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या संगणकाची 'आरोग्य तपासणी' होई, पण निदान यंत्राच्या अवस्थेवरून होत नसे. 'यंत्र मंद झाले आहे का?' अशासारख्या चार प्रश्नांपैकी एकालाही गिऱ्हाइकाने होकार दिला असला, की विषाणूची लक्षणे दाखवली जात, असे आयोगाचे म्हणणे होते. आपल्या जत्रेतल्या नाडीपरीक्षकाची आठवण यावी अशी ही पद्धत.

आणि जे सॉफ्टवेअर फसवे नव्हते, त्याचे काय? 'सीक्लीनर' हे त्यांतले सर्वांत लोकप्रिय. ते अनेक जाणकारही वापरत. त्यात रजिस्ट्रीची सफाई हा एक भाग होता आणि नोंदी काढण्यापूर्वी प्रत राखून ठेवायची का, असे ते विचारीत असे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच चोरांनी आपला मजकूर मिसळला. सप्टेंबरमध्ये ते उघडकीस येईपर्यंत सुमारे २२ लाख ७० हजार यंत्रांवर ती आवृत्ती पोहोचली होती. निर्मात्यांच्या स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी आलेली ती प्रत. झाडणारीण विश्वासू, पण झाडूच विषारी. सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरला घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या द्याव्या लागतात, हे या प्रकरणाने ठळकपणे दाखवले.

मेलेली नोंद मेलेली आहे हे कसे ठरवावे, हा प्रश्न संगणकापुरता नाही, असे आम्ही वर म्हटले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीचे 'परभणी क्रांती' हे वाण काढले, ते शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हळद्या रोगाला तोंड देण्याची जी शक्ती त्या वाणात आली, ती भेंडीच्या एका रानटी भाईबंदाकडून, संकर करून घेतलेली. त्या रानटी झाडाचा भाजीला उपयोग नाही. बाजाराच्या हिशेबाने ते तण. पण ते कुठेतरी जतन झाले होते म्हणून संकर करता आला.

दफ्तरांची गोष्टही अशीच. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. महसुली कागद उर्दूत, जुने फारसीत, कित्येक मोडीत. संस्थान गेले, भाषा बदलली, ती लिपी वाचणारे कारकून निवृत्त झाले. १९५४-५५ च्या खासरा पाहणीचे कागद आजही जमिनीच्या वादांत मागवले जातात. त्याहून जुन्या गठ्ठ्यांकडे मात्र दीर्घकाळ कोणी फिरकत नव्हते. दफ्तराच्या नियमांत कागदांचे वर्ग असतात. कायम ठेवायचे ते 'अ', आणि वर्षभरात नष्ट करायचे ते 'ड'. कोणता कागद कोणत्या वर्गात घालायचा हे ठरवणारा, त्या वेळी त्याला जेवढे दिसते तेवढ्यावरूनच ठरवणार. मग सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत निजामकालीन कागदांतल्या 'कुणबी' नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. तो निराळ्या लेखाचा विषय आहे. आम्हांला दिसले ते एवढेच, की पाऊणशे वर्षे ज्या अक्षरांना कोणी विचारले नव्हते, ती वाचण्यासाठी मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. एखाद्या जागरूक अधिकाऱ्याने मधल्या काळात ते गठ्ठे 'अनाथ' म्हणून निंदून काढले असते, तर त्याच्या कर्तव्यदक्षतेची शाबासकीच झाली असती.

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे यावे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांत पाठभेद साचले होते, लेखकूंनी आपल्या ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, संहिता निश्चित केली आणि यापुढे कोणी यात ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. मराठीतल्या निंदणीचा हा सर्वांत मोठा प्रसंग. तो झाला नसता तर आज वारकऱ्याच्या हातात काय असते, याची कल्पना करवत नाही. पण याच सफाईची दुसरी बाजू विसाव्या शतकात पुढे आली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेल्या एका प्रतीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली आणि तिची भाषा नाथांच्या प्रतीहून जुनी असल्याचा दावा केला. त्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयी पुष्कळ वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. तरीही एक गोष्ट त्या वादाने शिकवली: नाथांनी कोणत्या प्रती पाहिल्या, त्यांतून काय गाळले आणि ते का गाळले, याची नोंद आपल्यापाशी नाही. 'रेगक्लीन' राखून ठेवत असे तसली फाइल नाथांनी ठेवली नाही. त्यांच्या काळी तशी रीतही नव्हती, आणि म्हणून हा त्यांच्यावर ठपका नव्हे.

गंगाखेडच्या जनाबाईच्या बाबतीत अडचण उलट दिशेची. तिचे अभंग आपल्यापर्यंत आले ते बव्हंशी नामदेवाच्या गाथेच्या आश्रयाने. त्यांतली जनीची नाममुद्रा हीच तिची नोंद. तेवढ्यावरून अभंग तिचा ठरतो. नामदेवाच्या नावावर पुढे विष्णुदास नाम्याच्या आणि इतर नाम्यांच्या रचना चढल्या, तशा जनीच्या नावावरही चढल्या नसतील असे सांगता येत नाही. संपादक संशयाने एकेक अभंग बाजूला काढू लागला, तर चोख जनाबाई हाती येईल खरी. पण चारशे-पाचशे वर्षे दळता-कांडता बायांनी जिला आपले म्हणणे म्हणायला लावले, ती जनाबाई त्या टोपलीत जाईल. चांगला संपादक म्हणून गाळत नाही, परिशिष्टात घालतो. संगणकाच्या सफाईयंत्राला परिशिष्ट ही कल्पना नाही.

महानुभावांनी तर दोन्ही टोके अनुभवली. म्हाइंभटाने सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि पंथीयांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यातून हिराइसा पाठ, रामेश्वरबास पाठ असे वेगवेगळे पाठ निघाले. पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत घातले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, किल्ली पंथाच्या हाती. पोथ्या शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणाऱ्याला अर्थबोध शून्य. राजवाड्यांनी ती लिपी उकलेपर्यंत बाहेरच्या जगाच्या दृष्टीने ते वाङ्मय नव्हतेच.

सकळ लिपीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. २००६ साली आम्हांलाही एक सकळ लिपी वाचण्याची पाळी आली होती, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

त्या वर्षी आम्ही काही मित्र पाथरी आणि सोनपेठ भागातल्या जात्यावरच्या ओव्यांचे एक संकलन छापण्याच्या तयारीत होतो. ओव्या जमवल्या होत्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी, चौदा वह्यांत. जुळणी चालली होती परभणीतल्याच एका दुकानात. तिथे तीन संगणक एकमेकांना जोडलेले. मराठीचे सॉफ्टवेअर आणि टंक एकावर, काम चाले दुसऱ्यावर. युनिकोड तोवर आले होते, पण पुस्तकाच्या जुळणीत ते कोणी वापरत नव्हते. सगळा कारभार जुन्या टंकांचा, म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि वर देवनागरीचा मुखवटा. टंक असेल तर 'जातं'. नसेल तर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी.

यंत्र मंद चालते म्हणून दुकानातल्या मुलाने दुपारी सफाईचे सॉफ्टवेअर चालवले. वीज गेलेली होती. इन्व्हर्टरवर एकच यंत्र सुरू, बाकीची दोन बंद. सफाईयंत्राने टंकांच्या आणि कळफलकाच्या नोंदी वाचल्या, त्यांनी दाखवलेल्या संगणकावर जाऊन पाहिले, तिथे काळोख. नोंदी अवैध ठरल्या. राखून ठेवलेली प्रत तात्पुरत्या फायलींच्या कप्प्यात गेली होती, आणि त्याच सॉफ्टवेअरने पुढच्या पायरीत तो कप्पाही रिकामा केला. संध्याकाळी वीज आली तेव्हा ओव्यांच्या फायली सगळ्या जागेवर होत्या. एक अक्षरही पुसले गेले नव्हते. वाचता मात्र एकही येत नव्हते.

मुलाची चूक म्हणावी, तर तो अठरा वर्षांचा होता आणि पडद्यावर त्याला हजारभर दोष दिसले होते. सॉफ्टवेअरची मूळ सीडी सापडली नाही. दुसऱ्या शहरातून आणलेल्या सीडीवरची आवृत्ती नवी निघाली. तिच्यात टंकाचे नाव तेच, पण काही जोडाक्षरांच्या जागा बदललेल्या. पुस्तक त्या वर्षी निघाले नाही. आणि वह्या? जुळणी झाली, आता संगणकात सुरक्षित आहे, म्हणून बाईंच्या घरच्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत घातल्या होत्या. त्या सांभाळून ठेवा, असे आम्ही त्यांना सांगितले नव्हते.

पुढे परिवर्तकाच्या साहाय्याने आम्ही तो मजकूर युनिकोडमध्ये आणला. नव्वद टक्क्यांहून अधिक ओव्या बिनचूक उतरल्या. उरलेल्यांत जिथे अर्थ लागत होता तिथे अंदाजाने अक्षरे बसवली, आणि अंदाज आहे हे टीपेत लिहिले. बाई हयात होत्या तोवर त्यांना फोनवर ओवी वाचून दाखवायची आणि अडलेला शब्द विचारायचा, असे काही महिने चालले. कधी त्यांना आठवे, कधी त्या वेगळाच शब्द सांगत आणि म्हणत की तोही म्हणतात. आम्ही दोन्ही ठेवले. चाळीस-एक जागी अजून चौकटी आहेत. त्यांतली एक माहेरच्या वाटेवरच्या ओवीत, दुसऱ्या चरणात आहे. तिथे झाडाचे नाव असावे, कारण पुढचा शब्द सावली आहे.